बाळंतिणीच्या झोपेसाठी मी आणलेला कॉम्बो

माझी मुलगी बावीस दिवसांची होती, आणि तिनं कसं झोपावं हे तिच्याशिवाय सगळ्यांना ठाऊक होतं.

सुवर्णा, म्हणजे माझी बायको, बाळंतपणाला माहेरी कोरेगावला गेली होती. मी सांगलीत. कुपवाडच्या एका कारखान्यात पाण्याचे पंप तपासायचं काम करतो. कुठला पंप पास आणि कुठला नापास, हे मी ठरवतो. (घरात मला कोणी काही ठरवू देत नाही, म्हणून आवर्जून सांगितलं.) रोज फोन व्हायचा आणि रोज सुवर्णा एकच सांगायची, "आवं, सलग दोन तास झोपले न्हाई मी. डोळं नुसतं चुरचुरत्यात."

यावर शहाण्या नवऱ्यानं रजा टाकून कोरेगाव गाठलं असतं. मी मोबाईल काढला आणि 'बाळ झोपत नाही काय करावे' असं शोधलं.

झालं! त्या घटकेपासून मोबाईलला कळलं, की एक घाबरा बाप गळाला लागलाय. जिकडे बोट लावावं तिकडे झोपलेली बाळं! शेजारी त्यांच्या आया, केस विंचरून, लिपस्टिक लावून हसतायत. (ओल्या बाळंतिणीला लिपस्टिक लावायला वेळ कधी मिळाला, हे त्या कंपनीलाच ठाऊक.) चार दिवस मी जेवणाच्या सुट्टीत लोकांचे अभिप्राय वाचत होतो. एवढा अभ्यास डिप्लोमाला केला असता तर पंप तपासत बसलो नसतो. शेवटी सांगलीतल्या एका मोठ्या दुकानात गेलो.

"सर, बाळाच्या झोपेसाठी बघताय का आईच्या?" तिथल्या मुलीनं विचारलं.

"दोघींच्या."

"मग कॉम्बो घ्या!"

हा शब्द ऐकला की माझी बुद्धी आपोआप बंद पडते. घेतला.

रविवारी सकाळच्या गाडीनं तीन खोकी घेऊन कोरेगावला उतरलो. दारात सासरे उभे. आम्ही त्यांना मामा म्हणतो. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. मिशांना अजून पेन्शन लागू झालेली नाही.

"काय आणलंस रं एवढं?"

"झोपेचं साहित्य, मामा."

"झोपंला साहित्य? आमी लडाखला बर्फात बूट उशाला घिऊन झोपलोय!"

आत सुवर्णा आणि बाळ दोघीही झोपल्या होत्या. होय, झोपल्या होत्या! सासूबाई, म्हणजे मामी, ओठांवर बोट ठेवून म्हणाल्या, "आत्ताच डोळा लागलाय दोघींचा. आवाज करू नगासा."

आता कुठलाही समंजस माणूस खोकी बाजूला ठेवून गप्प बसला असता. पण माझ्या वाचनात असं आलं होतं, की झोप लागणं वेगळं आणि झोप *टिकणं* वेगळं. म्हणून पहिलं खोकं उघडलं. ते आवाजाचं यंत्र होतं. त्यातून एकसारखा आवाज येतो आणि बाळाला पोटात असल्यासारखं वाटतं. त्याला पांढरा आवाज म्हणतात.

"आवाज पांढरा कसा असंल?" मामींनी विचारलं.

"तसंच नाव आहे, मामी."

मी 'धबधबा' हे बटण दाबलं, यंत्र खिडकीत ठेवलं आणि अभ्यासू चेहरा करून उभा राहिलो. आवाज खरोखर झकास होता. इतका झकास, की खिडकीबाहेर भांडी घासणाऱ्या शेजारच्या कुसुमकाकू एकदम ताठ झाल्या.

"आगं, नळाला पाणी आलं!"

कोरेगावच्या त्या गल्लीत दोन दिवस पाणी आलेलं नव्हतं. पुढचं सांगायला नको. काकूंची हाक पहिल्या घरात पोचली, तिथून दुसऱ्या, तिथून पार कोपऱ्यावरच्या गिरणीपर्यंत. हंडे, कळशा, बादल्या, एक पाण्याचा जार, सगळं एकदम खणखणायला लागलं. पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या. कोरड्या नळांनी सूं-सूं करून शिव्या घातल्या. आणि या सगळ्यावर कळस म्हणून आमच्या लेकीनं टाहो फोडला.

सुवर्णा दचकून उठली. डोळे लाल, केस विस्कटलेले. तिनं माझ्याकडे पाहिलं, यंत्राकडे पाहिलं.

"तुमी कवा आला?"

"आत्ताच. तुला झोप लागावी म्हणून..."

"मला लागलीच हुती की हो!"

तोवर पाणी आलेलंच नाही हे गल्लीला कळलं होतं आणि आवाज कुठून आला होता हेही कळलं होतं. रिकाम्या कळशा कमरेवर घेऊन आठ-नऊ बायका ओसरीवर. रागवायला आल्या होत्या. पण बाळ दिसल्यावर राग कसा राहणार? "आलोच हाय तर बघून जातो की!" मग सल्ले सुरू झाले. बाळाला घट्ट गुंडाळा. अजिबात गुंडाळू नका. उजव्या कुशीवर, डाव्या कुशीवर. एकीनं बाळाचं नाक जरा दाबलं, सरळ व्हावं म्हणून. झोपेची गोष्ट सोडाच, बाळानं आता श्वास घ्यायलाही सवड मागितली असती.

बायका गेल्या. मी हार न मानता दुसरं खोकं उघडलं. ही सुवर्णाची उशी. घोड्याच्या नालेच्या आकाराची, माणसाएवढी लांब. आई तिच्यात शिरली की पाठ, मान, गुडघे, सगळ्यांना आधार. सुवर्णा बाळाला पाजत होती, म्हणून ती पलंगाच्या कडेला ठेवली. मामा संशयानं जवळ आले. बोटानं दाबून पाहिलं. "बघू तरी काय हाय," म्हणत आडवे झाले. एका मिनिटात लडाख विसरले! असे घोरायला लागले, की यंत्रातला धबधबा लाजून जावा. त्यांना उठवायची कुणाची हिंमत नव्हती. बाळंतिणीची उशी सुभेदारांच्या ताब्यात गेली ती आजतागायत परत आलेली नाही.

गंमत म्हणजे त्या घोरण्यानं बाळ झोपलं. सुवर्णाही पाळण्याशेजारी सतरंजीवर लवंडली. आणि मी तिसरं खोकं उघडलं. (आता तुम्हीही म्हणाल, नको रे बाबा! तिथं हे म्हणायला कुणी जागं नव्हतं.)

तिसऱ्यात मोजा होता. बाळाच्या पायात घालायचा; मग ठोके, श्वास सगळं मोबाईलवर दिसतं. आईनं निर्धास्त झोपावं म्हणून. मी तिचा पाय न हलवता मोजा चढवला. आकडे आले. मी पंपाचा दाब पाहावा तसा ते बघत ओसरीवर बसलो.

पाच मिनिटांनी मोबाईल किंचाळला. पडदा लालभडक, आकड्यांच्या जागी नुसत्या रेघा!

त्यापुढचे काही क्षण मला अजून नीट आठवत नाहीत. मी आत धावलो, सुवर्णा किंचाळत उठली, मामी ताक घुसळायचं टाकून आल्या, मामा उशीसकट खाली पडले. मी बाळाला उचललं. हात इतके थरथरत होते, की तिचा श्वास चालू आहे की माझेच हात हलतायत, हे कळेना.

तिनं डोळे उघडले. माझ्याकडे बघून तोंड वाकडं केलं आणि घर डोक्यावर घेतलं. मोजा पाळण्यात पडला होता. तिनं पाय झाडून तो केव्हाच काढून टाकला होता.

मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी रडलो. मामा दुसरीकडे बघत मिशीवरनं हात फिरवत राहिले.

सुवर्णानं माझ्या हातातला मोबाईल काढून घेतला आणि बंद केला. तिचा आवाज अगदी शांत होता, म्हणून मी जास्त घाबरलो.

"आवं, मला काय पायजे ते एकदा तरी इचारलंत का?"

"काय पाहिजे?"

"झोप. हिला मघाशीच पोटभर पाजलंय. हिला घ्या, आन् भायेर जावा. ती रडली, शी केली, काय बी केलं तरी भुकेशिवाय मला हाक मारायची न्हाई. कुणाला आत सोडायचं न्हाई. तुमी पण आत यायचं न्हाई."

दार लागलं.

मी लेकीला खांद्यावर घेऊन अंगणात येरझाऱ्या घालायला लागलो. तुळशीपासून फाटकापर्यंत बावीस पावलं, फाटकापासून तुळशीपर्यंत चोवीस. परतताना पाय दुखत असावेत. कुसुमकाकू बाळंतविडा घेऊन आल्या, त्यांना हातानंच परतवलं. जरा टेकलो की लेक कुरकुरे. उभा राहिलो की गप्प. तिच्या डोक्याला तेलाचा आणि दुधाचा वास येत होता, आणि बावीस दिवसांत मी तिला एवढा वेळ पहिल्यांदाच घेतलं होतं.

साडेतीन तासांनी दार उघडलं. सुवर्णाच्या गालावर सतरंजीचे वळ उठले होते, आणि ती हसत होती. मी तिथल्या तिथं मालकांना फोन करून आठवड्याची रजा मागितली.

संध्याकाळी फाटकाशी कुसुमकाकू मामींना विचारत होत्या, "मग, पाव्हण्यांनी आणलेल्यातलं काय चाललं का?"

"उशी सोडून ती खोकी समदी परत चालली," मामी म्हणाल्या. "पाव्हणा तेवढा ठिवून घेतलाय. बाळ झोपवतोय झ्याक. पर तासातासाला च्या लागतो, आन् मधनंच बंद पडतोय."