आप्पांच्या पाठीत पाच धपाटे

माझी आई गेली तेव्हा मी घाटकोपरच्या एका प्राथमिक शाळेत चौथीच्या मुलांना माणूस कसा वाचवायचा ते शिकवत होतो.

पंच्याऐंशी-शहाऐंशी साल असेल. मी ट्रॉम्ब्याच्या एका कारखान्यात होतो. तिथे आम्हा दहा जणांना प्रथमोपचार शिकवले. नऊ जणांनी सर्टिफिकेट कपाटात टाकलं. मी फ्रेम करून घेतलं! वर माझ्या मुलीच्या, मंजूच्या शाळेत जाऊन बाईंना म्हटलं, "हे लहानपणीच शिकवायला हवं." बाई बिचाऱ्या भिडस्त. तिच्या वर्गावर दर शनिवारचा एक तास मला मिळाला.

त्या शनिवारी मी ऐटीत सांगत होतो, "घशात घास अडकला, आवाज फुटेना, तर पाणी पाजायचं नाही. माणसाला पुढे वाकवायचं आणि पाठीत, खांद्याच्या दोन फऱ्यांच्या मधोमध, तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने पाच जोरदार धपाटे! आणि मुख्य म्हणजे घाबरून नुसतं उभं राहायचं नाही!" तेवढ्यात शेजारचे नाईक दारात आले. घरी आई चहा पिऊन "जरा पडते" म्हणाली होती, ती उठलीच नाही.

स्मशानात कोणीतरी हळूच म्हणालं, "हा घरी असता ना, तर वाचल्या असत्या. सर्टिफिकेट आहे त्याच्याकडे." (हळूच म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल इतकंच.) आप्पांनी ते ऐकलं. माझे वडील मुळात कमी बोलणारे. सगळी हयात गिरणीच्या खडखडाटात गेली, तिथे बोलून उपयोग नसे. पण त्या दिवसापासून ते माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. "आप्पा, चहा?" मान हलायची. "आप्पा, पंखा लावू?" तेही नाही. मी रात्रंदिवस एकच हिशेब करत होतो: शाळेतून घरी पोचायला किती मिनिटं लागली असती?

तेराव्याला घरात पाय ठेवायला जागा नव्हती. आप्पा पाटावर बसून ताटाकडे बघत होते. मालवणहून आलेली ताराआत्या, त्यांची धाकटी बहीण, मागेच लागली, "दादा, जेव रे! वैनीच्या नावान दोन घास खा!" शेवटी कटकट मिटावी म्हणून आप्पांनी उडदाचा अर्धा वडा एकदम तोंडात कोंबला.

आणि थांबले. हात गळ्याशी गेला. डोळे मोठे झाले, चेहरा आधी लाल, मग निळसर. आवाज नाही!

"रडतासा वाटता," आत्या म्हणाली.

मला कळलं होतं. अगदी पुस्तकातल्यासारखी लक्षणं! मी ताडकन उठलो... आणि उभा राहिलो. पाय हलेनात. हातात पाण्याचा तांब्या होता, तो मी घट्ट धरून ठेवला, जणू गुदमरतोय तो तांब्याच!

"बाबा, करा ना काहीतरी!" मंजू ओरडली. मी म्हणालो, "घाबरू नका." कोणाला म्हणालो, देव जाणे.

मंजूने वाट पाहिली नाही. नऊ वर्षांची पोर पानं तुडवत गेली, आजोबांची मान पुढे वाकवली आणि पाठीत दाणकन धपाटा घातला!

"अगो चेडवा, आज्याक मारतंस?" आत्या तिला मागे खेचू लागली.

"सोड गं आत्याआजी! अजून चार राहिलेत!"

दोन. तीन. चार. पाचव्या धपाट्याला वडा सुटला आणि थेट समोर बसलेल्या मामांच्या खिरीत जाऊन पडला! आप्पांनी घरघरत श्वास घेतला, खोकले आणि मग मंजूला जवळ घेऊन ढसाढसा रडू लागले. तेरा दिवसांत पहिल्यांदा. सगळं घर त्यांच्याबरोबर रडलं. (मामाही. ते कदाचित खिरीसाठी असेल.)

बऱ्याच वेळाने आप्पांनी डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहिलं. मी अजून तिथेच, तांब्यासकट.

"बाळ्या," ते म्हणाले, "तुझी आई झोपेत गेली. शेजारी बसून मलाही कळलं नाही. त्या दिवशी तू घरी असतास, तरी काय केलं असतंस? असाच उभा राहिला असतास. उगाच मनाला लावून घेऊ नको."

आयुष्यात इतका अपमान कोणी केला नव्हता आणि इतकं हलकंही कधी वाटलं नव्हतं. मी तांब्या खाली ठेवला आणि लहान मुलासारखा रडलो.

पुढच्या शनिवारपासून शाळेत मंजू शिकवू लागली. मलाही बाईंनी काढलं नाही. वर्गापुढे डोळे विस्फारून, तोंड उघडं टाकून, काही न सुचल्यासारखं उभं राहून 'असं करायचं नाही' हे दाखवायला त्यांना एक माणूस हवाच होता; आणि त्यांच्या मते या कामात माझा हात धरणारं कोणी नाही!