निरोगी माणसांचे हकीमचाचा

हकीमचाचा आजारी माणसावर भयंकर चिडायचे. हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात आमच्या कापडदुकानाला लागूनच त्यांचा दवाखाना. कुणी खोकत पायरी चढलं की आतून आवाज यायचा, "एनरी, काय हो सावकार, आजारी पडून आलात? लाज नाही वाटत? डॉक्टरकडे जा! माझ्याकडे यायचं ते धडधाकट असताना." बिचारा माणूस खोकला गिळून खाली उतरायचा. उलट एखादा धट्टाकट्टा हमाल दिसला की चाचा त्याला हाताला धरून आत ओढत, नाडी बघत आणि ऋतू बदलतोय म्हणून त्याच्या जेवणातलं काहीतरी बंद करून पाठवत. हा दवाखाना चालतो कसा, हे कोडं माझ्या अप्पांना शेवटपर्यंत सुटलं नाही.

चाचांचं सगळं शास्त्र मिजाजावर उभं होतं. मिजाज म्हणजे अंगाची मूळ प्रकृती: गरम की थंड, कोरडी की ओली. तो तोल सांभाळला की आजार फिरकत नाही, असं ते सांगत. पण माणसांवर थांबले असते तर ते चाचा कसले! हुबळी गरम-कोरडी, धारवाड थंड-ओलं. अप्पांची स्कूटर गरम मिजाजाची, म्हणून ती उन्हात लावायला बंदी. आणि मी दिसले की कानाला हात लावून म्हणत, "ही गरम-कोरडी. वर फोडणी!"

खोटं कशाला बोलू, तोंड होतंच मला. "स्वयंपाक येतो का?" असं विचारणाऱ्या एका मुलाला मी "तुम्हाला जेवता येतं का?" असं विचारलं होतं आणि ते स्थळ चहा अर्धा टाकून उठलं होतं. दुसरंही असंच गेलं. अप्पांची झोप उडाली. मग धारवाडचं एक स्थळ आलं. मुलगा सरकारी नोकरीत, आणि त्याच्या आईची एकच अट, मुलगी शांत हवी. अप्पा तडक चाचांकडे गेले. मी ठणठणीत होते, त्यामुळे चाचांनी केस लगेच घेतली.

काय हाल केले म्हणून सांगू! सकाळी काकडी, दुपारी दुधी, रात्री सब्जा घातलेलं दूध. चुरमुऱ्यांचं तिखट गिरमिट बंद, मिरचीभजी बंद. अंगावर पांढरे कपडे. धाकट्या भावाला, अण्णाला, ताकीद, "अक्काला डिवचायचं नाही." चाचा रोज नाडी बघून "उतरतंय, उतरतंय" म्हणायचे. इतकं उतरलं की मला सडकून सर्दी झाली आणि आवाज पार बसला. नाक पुसत दवाखान्यात गेले, तर चाचांनी तोंडावर दार लावलं. आतून म्हणाले, "बेटी, आता तू आजारी. मी आजाऱ्यांना बघत नाही."

बघायला आले त्या दिवशी मी मान खाली घालून बसले होते, कारण मान वर केली की नाक वाहत होतं. मुलगा मात्र काय बोलत होता! लालबुंद चेहरा, कपाळावर घाम, मध्येच टेबलावर हात आपटून हसणं. "आमचा असाच तडफदार," त्याची आई म्हणाली. मला तो फार आवडला. अखेर तोंड उघडणारा पुरुष भेटला, असं वाटलं. त्यांना मी आवडले, आणि लग्न झालं.

धारवाडला गेल्यावर काकडी सुटली, आवाज सुटला आणि पहिल्याच आठवड्यात मी दूधवाल्याला असं फैलावर घेतलं की सासूबाई मटकन खुर्चीत बसल्या. आणि हे? हे ढिम्म! काहीही विचारा, उत्तर "हूं". शेवटी मीच कबूल केलं, "मला थंड करून दाखवलं होतं हो." ह्यांनी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. मग हळूच म्हणाले, "मला तापवलं होतं. खारीक, लवंग, आलं, लसूण."

"कुणी?"

"हुबळीत एक हकीम आहेत. आजारी माणसांना हाकलतात."

दुसऱ्या दिवशीच बस धरून दुर्गदबैल गाठलं आणि चाचांना मनसोक्त झापलं. माझी नाडी धरून ते शांतपणे ऐकत राहिले. "गप्प माणसाला आतून कसं वाटतं, ते कळलं का तुला?" ते म्हणाले. "त्यालाही तापलेल्या माणसाचं कळलं असेल. संसाराला एवढं पथ्य पुरतं."

पुढे कितीतरी वर्षांनी अण्णाचा फोन आला, चाचा चार दिवस दार उघडत नाहीत. आम्ही दोघंही गेलो. ह्यांनी खिडकीतून हात घालून कडी काढली. चाचा खाटेवर, पार वाळलेले, आणि भिंतीवरचा आरसा उलटा फिरवलेला. "मी आजाऱ्यांना बघत नाही," ते पुटपुटले. मग मात्र माझा ताबा सुटला. इतकी ओरडले, इतकी ओरडले की शेजारचे दुकानदार जमले. चाचा निमूट उठून रिक्षात बसले. इस्पितळात मी डॉक्टरांशी भांडत होते आणि हे चाचांचा हात धरून, एक शब्द न बोलता, दिवसदिवस बसून होते.

एका दुपारी चाचांनी एका हातात माझी नाडी धरली, दुसऱ्यात ह्यांची. डोळे मिटून म्हणाले, "जमलंय." त्यानंतर ते फार राहिले नाहीत.

त्यांना पोचवून आम्ही धारवाडची बस धरली. वाटेतलं रायापूर गेलं तरी माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. आणि हे बोलत होते. चाचांबद्दल, लसणाबद्दल, टेबलावर आपटलेल्या हाताबद्दल, घर येईपर्यंत एकटेच बोलत होते.