लाल दिवा आणि आनंदा चौगुल्यांचा पाय

"मॅडम, मी आंधळा हाय का पांगळा, तेवढं एकदा लिहून द्या."

सकाळचे साडेसात वाजले होते. कळंब्याच्या माझ्या घराच्या दारात आनंदा चौगुले उभे होते. पंचावन्न वर्षांचा, उभा-आडवा गडी. दूध संघाच्या टँकरवर ड्रायव्हर. हातात घडी घातलेली ऑर्डर होती. 'प्रतिक्रियेचा वेग असमाधानकारक आढळल्याने टँकरवरून कमी करून यार्डाच्या गेटवर नेमणूक.' खाली कंसात माझ्या रिपोर्टचा हवाला.

"चौगुले, आधी बसा."

"बसत न्हाय. सत्तावीस वर्सं गारगोटीचा टँकर चालवतोय. कुत्र्याच्या शेपटीवरनं सुदीक चाक गेलं न्हाय. आन आता गेटवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला शिट्टी मारू? माझ्या हाताखाली शिकल्याली पोरं टँकर घिऊन जाणार, आन मी त्यास्नी दांडी वर करून देणार? सही तुमची हाय न्हवं हितं?"

सही माझीच होती.

मी मानसशास्त्र शिकवते. हे सांगितलं की समोरचा माणूस लगेच हसून विचारतो, "मग सांगा बघू, माझ्या मनात काय चाललंय?" एकतीस वर्षं ऐकतेय. मला कुणाच्या मनातलं काही कळत नाही. मी मोजमाप करते. लाल दिवा लागल्यापासून माणूस ब्रेक दाबेपर्यंत किती वेळ जातो, गर्दीतल्या एका खुणेवर त्याचं लक्ष किती टिकतं, वाचून दाखवलेल्या वस्तूंतल्या किती त्याला आठवतात. या वेळी माझ्या अभ्यासाचा विषय होता टँकर ड्रायव्हर. एका दूध संघाने यार्डातली खोली दिली, ड्रायव्हर दिले. आम्ही तिथे जुन्या जीपची सीट, स्टिअरिंग, अ‍ॅक्सिलरेटर, ब्रेक आणि समोर लाल दिवा असं मशीन बसवलं.

खरं तर ठरलं होतं की कुणाचंही नाव बाहेर जाणार नाही. पण वाहतूक विभागाचे मॅनेजर घोरपडे साहेब मागेच लागले.

"मॅडम, जागा आमची, माणसं आमची, चहा आमचा. आम्हाला एक लिस्ट तरी द्या की. आणि एकच आकडा द्या. ते चार-चार कॉलम आमच्या कुणाच्या डोक्यात शिरत नाहीत."

मी दिली लिस्ट. एका आकड्याची, नावानिशी, सहीनिशी. "फक्त माहितीसाठी" असं वर लिहिलं आणि स्वतःला फार हुशार समजले. त्या 'माहितीसाठी'ची ही ऑर्डर झाली होती. मला घोरपड्यांचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःचा.

"चौगुले, मी आज बघते," म्हटलं. ते चहाही न घेता गेले. तो कप तसाच गार झाला आणि माझं डोकं तापत गेलं.

कॉलेजात जाऊन त्यांची फाइल काढली. आठवणीच्या परीक्षेत ते सगळ्यांच्या पुढे. वीस वस्तूंची नावं वाचून दाखवली होती, त्यांनी वीसच्या वीस क्रमाने सांगितली होती. कसं जमलं म्हणून त्या दिवशी मी विचारलंही होतं. "सोपं हाय की," म्हणाले, "छत्री गारगोटीत उतरवली, कंदील कूरला, घागर मुधाळ तिट्ट्याला. मग परत गारगोटीपास्नं त्याच वाटंनं एकेक उचलत आलो." पुस्तकात ही पद्धत शिकवायला मला दोन तास लागतात. या माणसाने ती टँकरवर बसून शोधली होती. लक्षाच्या परीक्षेतही ते चांगले. फक्त ब्रेकमध्ये सगळ्यात शेवटी.

शेवटून आणखी तिघे होते, तेही वयस्कर. वयस्कर मंडळींनी परीक्षा टाळत टाळत दिवाळीपर्यंत नेली होती, पहिली तुकडी दसऱ्याआधीच झाली होती, त्यामुळे ते सगळे दुसऱ्या तुकडीत आले. आकडे मंद आले तेव्हा मी मान डोलावली होती. वय वाढलं की वेग कमी होतो, हे सगळ्या पुस्तकांत आहे. मी तर त्यावर एक झकास प्रकरण लिहूनही टाकलं होतं. हवं ते उत्तर मिळालं की तपासायला कोण बसतं? मी नाही बसले.

आता बसले. मशीन खरं तर दोन वेगळे वेळ मोजतं. दिवा दिसल्यावर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलेपर्यंतचा वेळ, म्हणजे डोक्याला कळायला किती लागलं. आणि पाय उचलल्यापासून ब्रेक पूर्ण दाबेपर्यंतचा, म्हणजे पायाला किती लागलं. घोरपड्यांच्या 'एकच आकडा द्या'च्या नादात मी दोन्हींची बेरीज दिली होती. बेरीज सोडवून बघितली आणि मी खुर्चीत सरळ झाले. चौगुल्यांचा पाय पंचविशीतल्या पोरांच्या बरोबरीने उचलला जात होता. दरवेळी. गडबड होती ती पुढे. पाय ब्रेकवर पोचायला आणि ब्रेक खाली जायला भलताच वेळ.

दुसऱ्या तुकडीतल्या सगळ्यांचं तसंच. डोकं वेळेवर, पाय उशिरा. सगळ्यांचे गुडघे दिवाळीत एकदम गेले?

रिक्षा करून यार्डात गेले. प्रकाश, माझा लॅब असिस्टंट, मशीनवर रोज ड्यूटीला असतो. वय चाळीस, दोन पोरांचा बाप, स्वभावाने गाय.

"प्रकाश, मशीन रोज चेक करतोस ना?"

"करतो की मॅडम."

"काय काय बघतोस?"

"दिवा लागतोय का बघतो."

"आणि?"

"लागतोय की."

कपाळावर हात मारला. सीटवर बसले. माझा स्वतःचा आकडा मला पाठ आहे. दिवा लागला, पाय उचलला, ब्रेक दाबला. पेडल निम्म्यात जाऊन थबकलं. मग जोर लावला तेव्हा खाली गेलं आणि तळाचा स्विच टकदिशी वाजला. आकडा बघितला तर मी पण गेटवर बसायच्या लायकीची.

तारा दिसू नयेत म्हणून ब्रेकच्या मागे आम्ही काळं रबर लावलं होतं. ते मी वर केलं, वाकले आणि हात घातला. हाताला सुपारीसारखं काहीतरी टणक लागलं. बाहेर काढलं.

लिंबू. वाळून कडक झालेलं, एका बाजूने चेपलेलं, वर कुंकवाचा डाग.

"प्रकाश, हे काय आहे?"

"लिंबू हाय मॅडम."

"ते मला दिसतंय! इथे कसं आलं?"

"खंडेनवमीला पूजा केलती की. यार्डातल्या समद्या गाड्यांची केली, मग म्हटलं आपल्या मशीनची पण करूया. हार घातला, नारळ फोडला…"

दसऱ्याला मी दरवर्षी नागपूरला दीक्षाभूमीवर जाते. त्या चार दिवसांत खोलीची किल्ली प्रकाशकडे असते. परत आले तेव्हा स्टिअरिंगला हळदीकुंकू दिसलं होतं आणि मी ते पुसूनही घेतलं होतं. पेडलखाली बघायचं माझ्या सात पिढ्यांच्या मनात आलं नसतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. पुस्तकं चाळत होते मी, म्हातारपणी माणूस मंद का होतो ते शोधायला!

"आणि लिंबू ठेवलं कुणी?"

"मान सीनियर ड्रायव्हरचा असतोय. चौगुलेमामांनी ठेवलं."

लिंबू मी सीटवर ठेवलं. मग चौगुल्यांना फोन लावला. ते गेटवरच होते, शिट्टी गळ्यात घालून. शंभर पावलांवर. आले.

"हे ओळखता का?"

"व्हय की. मीच ठिवलंय. डाव्या हातानं रबर उचललं, उजव्या हातानं ठिवलं. नारळ परकाशनं फोडला. एक पेढा कमी पडला म्हणून घोरपडे साहेबास्नी अर्धा दिला."

"चौगुले, सगळं एवढं आठवतंय, मग परीक्षेच्या वेळी सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलासा कुठं?"

"अहो, पण पाय अडकत होता तेव्हा तरी!"

"तुमी म्हणलासा, दिव्यावर ध्यान ठेवा, दुसऱ्या कशावर नको. मी दिव्यावर ठिवलं."

"पूजेनंतर लिंबू काढायचं असतं ना?"

"काढत्यात व्हय कधी? गाडी चाकाखाली चिरडून पुढं जाती. हे बी गाडीच की, चाक न्हाय म्हणून ब्रेकखाली ठिवलं. आता तुमची गाडी हललीच न्हाय, तर लिंबू जाणार कुठं?"

मी वहीत 'लिंबू' असं लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

बाकीच्यांपेक्षा यांचाच आकडा एवढा खाली का, तेही त्यांनीच सांगितलं. बाकीचे ब्रेकवर लाथ घालतात, त्यामुळे लिंबू चेपून स्विच लवकर वाजायचा. हे तसं करत नाहीत. टँकर अर्धा भरलेला असला की ब्रेक मारताच आतलं दूध पुढे धावतं आणि गाडीला मागून ढकलतं. म्हणून सुरुवात हलक्या पायाने करायची, मग वाढवायचं. सत्तावीस वर्षं ज्या पायाने अपघात टाळले, त्याच पायाला मी नापास केलं होतं. मला तिथे खरंच लाज वाटली. तसं मी त्यांना सांगितलंही. ते म्हणाले, "लाज ऱ्हाऊ द्या मॅडम. मशीन चालू करा."

घोरपडे साहेबांना बोलावून समोर उभं केलं आणि चौगुल्यांची परीक्षा परत घेतली. पाय आधीसारखाच झटकन उचलला. ब्रेक सुटसुटीत खाली. एकूण आकडा पंगतीत मधोमध आला. पहिला नाही, शेवटचाही नाही.

"फाडा ती ऑर्डर," मी म्हटलं.

"मॅडम, फाडता येत नाही. जावक नंबर पडलाय."

"मग रद्दच्या ऑर्डरला पण पाडा!"

"त्याला कारण लागेल. काय लिहू? लिंबू?"

"'तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाने स्वतःचं यंत्र तपासलं नव्हतं,' असं लिहा. पत्र मी देते. सहीनिशी. आणि यापुढे तुम्हाला कुणाच्या नावाची लिस्ट मिळणार नाही."

माझा आवाज बहुतेक बाहेरपर्यंत गेला असावा, कारण दारात चार ड्रायव्हर गोळा झाले होते. चौगुले मात्र शांत. "पयल्या कागदावर सही केलासा, आता दुसऱ्यावर बी करा, म्हंजे फिटलं," एवढंच बोलले. पत्र मी तिथेच बसून लिहिलं. आठवड्याने त्यांचा टँकर त्यांना परत मिळाला. दुसऱ्या तुकडीची सगळी परीक्षा मी नव्याने घेतली. तिघे वयस्कर आरामात पास झाले आणि माझं ते झकास प्रकरण रद्दीत गेलं.

यंदा खंडेनवमीच्या आदल्या दिवशी चौगुल्यांचा फोन आला.

"मॅडम, उद्या पूजा हाय. मशीनला लिंबू ठिवू का नको?"

"ठेवा. पण पूजा झाली की लगेच काढायचं."

"आत्ता सांगितलासा न्हवं? आता इसरत न्हाय."

मला माहीत आहे, ते विसरणार नाहीत. तरीही नागपूरहून परत आल्यावर मी आधी वाकून रबर उचललं. तिथे काही नव्हतं. माणसाच्या डोक्यात किती उजेड आहे हे मोजायला निघालेल्याने आधी त्याच्या पायाखाली बघावं. हे कुठल्याच पुस्तकात नाही. मी वर्गात पहिल्याच तासाला सांगते, आणि पोरं हसतात.