सुमेधाने लपवलेला डोळा

छातीच्या एक्स-रेवर सावली दिसली तेव्हा डॉक्टरांनी आधी टीबी धरला. सुमेधा नागपूरची, आणि लहानपणी तिच्या घरात कुणाला तरी तो झालेला. इंग्लंडमध्ये, श्रूजबरीतल्या ओळखीच्या मंडळींना कळू नये म्हणून भानुदासने, तिच्या नवऱ्याने, "व्हिटॅमिन चालू आहेत" असं सांगितलं. टीबीच्या गोळ्या संपल्या, सावली तशीच राहिली. १९८४ च्या उन्हाळ्यात नव्या डॉक्टरांनी शब्द बदलला: कदाचित लसिकाग्रंथींचा कॅन्सर. भूल देऊन तपासणीसाठी तुकडा काढावा लागेल.

सर्किट बोर्ड जोडण्याच्या कारखान्यात दुपार कलली की सुमेधाला एका तारेच्या दोन तारा दिसत. ती एक डोळा मिटून काम रेटायची. संध्याकाळी उजवी पापणी आपोआप खाली यायची.

"आई, यू आर विंकिंग ॲट मी!" कांचन हसायची.

"लाडाने गं," सुमेधा म्हणायची, आणि तोंड फिरवायची. छातीतलं डोक्यापर्यंत पोचलं असेल तर? सांगितलं की ते खरं होईल, असं तिला वाटे. छातीच्या डॉक्टरला डोळ्याचं कशाला, अशी तिने मनाची समजूतही घातली होती.

तुकडा काढण्याच्या आदल्या दिवशी इस्पितळात भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई आल्या. बोलता बोलता त्या थबकल्या. "वर छताकडे बघत राहा."

सुमेधा बघत राहिली. पापणी हळूहळू उतरली.

"हे कधीपासून आहे?"

सुमेधाने हात पापणीवर धरला. बाईंनी खुर्ची ओढली. स्नायू असे थकतात तेव्हा छातीतली गाठ बहुधा थायमस ग्रंथीची असते, त्या म्हणाल्या. कॅन्सरसारखी दिसते, पण पुष्कळदा पूर्ण काढता येते. मात्र हे माहीत नसताना नेहमीची भूल दिली असती तर श्वास परत आला नसता. "अजून काय होतं? सगळं सांगा."

सुमेधाचं इंग्रजी आटलं. ती शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे बघून मराठीत बोलू लागली. भाकरी चावताना जबडा थकतो. वेणी घालताना हात गळतात. भानुदास एकेक वाक्य इंग्रजीत सांगत गेला, जणू दुसऱ्याच कुणाची हकिकत.

"पाणी पिताना कधी कधी श्वास अडकतो. तुम्ही झोपल्यावर मी उठून बसते."

भानुदासने हे वाक्य इंग्रजीत सांगितलंच नाही. नुसता तिच्याकडे बघत राहिला.

"सांगा ना त्यांना," ती म्हणाली.