कुपीवरची हळद

आमच्या विभागप्रमुखांबद्दल कुणी चांगलं बोलायला लागलं की मी अजूनही पाणी प्यायच्या निमित्तानं उठते.

वर्ध्याजवळच्या एका कॉलेजात मी पीएच.डी. करत होते. विषय न्यूरोग्लोबिन. मेंदूच्या पेशींत ऑक्सिजन धरून ठेवणारं हे प्रथिन. माणसाचंच, पण माणसातून काढलेलं नाही. त्याचं जनुक जिवाणूंत घालून त्यांच्याकडून बनवून घेतलेलं. बोटाच्या पेराएवढी कुपी आणि तळाशी चार थेंब लाल पाणी. ती यायलाच पाच महिने लागले होते. माझा शेवटचा प्रयोग तिच्यावर अडला होता आणि मुदतवाढ संपत आली होती. उणे ऐंशीच्या फ्रीझरमध्ये ठेवायची, एकदाच वितळवायची, त्याच दिवशी काम उरकायचं. डब्यावर मी मोठ्या अक्षरात 'हात लावू नये' असं लिहून ठेवलं.

दसऱ्याला आम्ही नागपूरला जातो. बाबांना गर्दीच्या आधी पोचायचं असतं, म्हणून नवमीलाच सकाळी आम्ही सेलूहून बस धरली. प्रयोगाला लागणारं मशीन मला परतल्यावरच मिळणार होतं.

परत आले, कुपी काढली. पाणी तपकिरी आणि गढूळ. आलेखात ऑक्सिजन धरल्याची खूण कुठेच नाही. दोन दिवस मी स्वतःलाच शिव्या घातल्या. मग कुपी टाकून देताना झाकणाच्या खाचेत काहीतरी पिवळं दिसलं. हळद होती ती.

झाडलोट करणाऱ्या मावशींना विचारलं. त्या दाराकडे बघत हळूच म्हणाल्या, "खंडेनवमीची पूजा होती ना वो म्याडम. सर म्हणे, सगळ्यात महागाची वस्तू पाटावर ठेवा. मी म्हटलं, म्याडमनं हात लावू नोका म्हणून लिवलं हाये. तं मलेच रागावले. दुपारपर्यंत होती तिथं झेंडूत. सगळ्यायनं फोटो काढले."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सूक्ष्मदर्शकाला कुंकू लावा, तराजूला हार घाला. मी ते मानत नाही, पण चार वर्षांत त्यावर चकार शब्द काढला नव्हता. माझी कुपी कशाला हवी होती यांना?

सर मात्र शांत होते. "पूजेनं काही बिघडत नसतं," म्हणाले. "तू जागेवर नव्हतीस, हे बिघडलं."

मग त्यांनी फ्रीझरचं रजिस्टर पुढे सरकवलं. काय काढलं, कोणी काढलं, किती वाजता, हे त्यात लिहावंच लागतं. नवमीच्या तारखेपुढची ओळ कोरी होती.

"कुपी तू काढलीस आणि बाहेर विसरलीस, असं लिही. नवीन मागवायला कारण लागतं. लिहिलंस तर आत्ता अर्जावर सही करतो."

"सर, मी त्या दिवशी इथं नव्हतेच."

"म्हणून तर तुझ्या हातानं लिहून हवंय," ते म्हणाले, आणि चक्क हसले.

मी लिहिलं. कुपी काढल्याची वेळ टाकली सकाळी दहा, आणि खाली माझी सही. नवी कुपी आली, या वेळी लवकर आली. प्रयोग जमला, पदवी मिळाली. प्रबंधाच्या आभारात सरांचं नाव पहिलं आहे आणि ते मीच टाइप केलंय. त्या माणसाचा मला मनापासून तिटकारा आहे. त्याहून जास्त तिटकारा त्या सहीचा आहे. ती सही मी फोटोत जपून ठेवली आहे; नेहमीसारखी वळणदार आलीय.

पदवी हातात यायच्या आधीच, त्या हिवाळ्यात बाबा गेले. नवमीच्या त्या बसमध्ये त्यांनी मला खिडकीची जागा दिली होती. "पुढच्या साली डॉक्टर होऊन येजो माह्यासंग," असं म्हणाले होते. दहाचाच सुमार असेल. त्या प्रवासाचं तिकीट मी ठेवलं नाही, फोटोही काढला नाही. त्या सकाळचा लेखी पुरावा एकच उरलाय, माझ्याच अक्षरात, आणि त्याप्रमाणे दहा वाजता मी बाबांजवळ नव्हते.