समोरच्या काकांचं लोखंडी कपाट

"चला, सगळ्यांनी तिकडं खिडकीकडं बघा," असं काका म्हणाले की आम्ही निमूट खिडकीकडे तोंड करायचो. हातातला कप हातात, तोंडातली चकली तोंडात. खिडकीतून दिसायचं काय, तर कौन्सिलचे कचऱ्याचे डबे आणि रस्त्यापलीकडे माझंच घर. पाठीमागे खुर्ची सरकायची, मग जिन्याखाली काहीतरी खुडबुड, मग लोखंडी दार करकरायचं. "हां. आता बघितलं तरी चालेल."

तुमच्याही ओळखीत कायदा पाळणारी माणसं असतील. पण काका कायद्याला हात धरून रस्ता ओलांडून देणाऱ्यातले. इकडे इंग्लंडात शॉटगन घरात ठेवायची तर ती भिंतीला बोल्टने आवळलेल्या लोखंडी कपाटात ठेवावी लागते, आणि किल्ली कुठे आहे हे परवाना ज्याच्या नावावर आहे त्यालाच ठाऊक असावं लागतं. बायकोलाही नाही. काकूंना हे कधीच पटलं नाही. "ह्यांचे मोजे कुठं, चष्मा कुठं, दात कुठं, सगळं मी सांगायचं. आणि एवढ्याशा किल्लीचं मला सांगायचं नाही!"

"अगं, तुला सांगितलं तर परवाना जाईल माझा."

"जाऊ दे की मग. चष्मा तरी सापडेल."

काका मूळचे साताऱ्याकडचे. तरुणपणी इकडे आले आणि लंडनजवळच्या क्रॉयडनच्या बस गराजमध्ये मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले. गराजमधल्या एका गोऱ्या दोस्तानं त्यांना रविवारी केंटमधल्या एका शेतावरच्या नेमबाजीच्या क्लबात नेलं आणि मातीच्या तबकड्या फोडायची चटक लावली. यंत्रातून तबकडी आकाशात उडते, आपण ती बंदुकीनं फोडायची, एवढाच तो खेळ. "कुणी मरत नाही, कुणाला लागत नाही," काका सांगायचे. "कबड्डीत जास्त लागतं, लेका."

मी पडलो पुण्याचा, आयटीतला, प्रेशर कुकरची शिट्टी झाली तरी दचकणारा. बातम्यांत कुठल्याशा पोराकडे पिस्तूल सापडलं असं दिसलं की मी तावातावानं रस्ता ओलांडून काकांकडे भांडायला जायचो. असल्या वस्तू घरात हव्यातच कशाला, क्लबातच कुलूपबंद ठेवा, हे माझं ठरलेलं भाषण. काका शांतपणे चकलीची बशी पुढे करायचे.

"म्हणजे चोरानं एकच कुलूप फोडायचं, की सगळ्यांच्या बंदुका हातात. त्यापेक्षा घराघरांत वाटून ठेवलेल्या बऱ्या."

"पण काका, घरात मुलं असतात."

"मुलांना किल्ली ठाऊक असली तर ना!"

तोवर माझ्या तोंडात चकली असायची. माझी बायको म्हणते, माझी निम्मी मतं काकूंच्या फराळापायी बदलली आहेत.

खंडेनवमीला मात्र काकांची खरी पंचाईत व्हायची. त्या दिवशी अवजारांची, शस्त्रांची पूजा. पाटावर गराजमधले पाने, स्क्रू ड्रायव्हर, काकूंची विळी, शिवणाची कात्री, नातवाचा लॅपटॉप असं सगळं मांडलेलं, आणि मधोमध झेंडूची माळ घातलेली बंदूक. आता रिवाज असा की पूजेला मांडलेलं दुसऱ्या दिवसापर्यंत हलवायचं नाही. आणि कायदा असा की बंदूक कपाटाबाहेर एकटी सोडायची नाही. त्यामुळे काका दिवसभर पाटाशेजारी खुर्ची टाकून बसून राहायचे. मध्येच बाथरूमला जायची वेळ आली की बंदूक उचलायची, आम्ही खिडकीकडे बघायचं, ती कपाटात, काका बाथरूममध्ये. परत आले की पुन्हा खिडकी, पुन्हा कपाट, पुन्हा माळ. काकू देवाची माफी मागत वर अक्षता टाकायच्या. "सकाळपासून कितीदा उठवला त्या देवाला! चहा कमी प्या म्हटलं तर ऐकायचं नाही."

पुढच्या रविवारी क्लबातल्या त्या गोऱ्या दोस्ताला बंदुकीच्या नळीवर पिवळं-लाल काहीतरी दिसायचं. त्याला तो गंज वाटायचा. दरवर्षी तो काकांना गंज घालवायचं तेल भेट द्यायचा. काकांकडे त्या तेलाच्या बाटल्यांची एक फळी भरली होती.

नातू म्हणजे नील. वय पंधरा. आई, म्हणजे काकांची मुलगी, हॉस्पिटलात नर्स, तिच्या ड्युट्या उलटसुलट. वडील केव्हाच वेगळे झालेले. त्यामुळे नील वाढला आजी-आजोबांच्याच हाताखाली. मराठी बोलायचा, पण त्याच्या मराठीत बाई-बुवा कोण याचा पत्ता नसायचा. मऊ स्वभावाचं, उंच, जरा पोक काढून चालणारं पोर.

गेल्या खंडेनवमीला त्यानं पाटाचा फोटो काढला. माळ घातलेली बंदूक, बाजूला पहारेकऱ्यासारखे ताठ बसलेले काका. खाली त्यानं इंग्रजीत लिहिलं, "माझे आजोबा मस्करी करत नाहीत." मित्रांना पाठवला. सगळे हसले, आम्हीही हसलो. फोटो एका दिवसानं आपोआप पुसला गेला. पण तोवर तो ज्यांनी बघायचा त्यांनी बघितला होता.

दिवाळीच्या सुमारास एका शनिवारी दुपारी मी काकांचं ड्रिल मशीन परत करायला गेलो. त्या ड्रिलनं मी लावलेली फळी त्याच दिवशी पडली होती, ते सांगून काकांना हसवायचा माझा विचार होता. काका हसतही होते. इतक्यात नील जिना उतरून दारात उभा राहिला.

"आजोबा, कपाटचा किल्ली कुठे आहे?"

"का रे? क्लबात यायचंय का? थांब. बघा रे सगळे खिडकीकडं."

मी सवयीनं वळलो. नील वळला नाही.

"मी नाही वळणार. मला बघायचंय कुठे आहे."

त्याचा आवाज ऐकून मीच मागे फिरलो. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"मी त्यांना सांगितला, मला माहीत नाही. दे डोंट बिलीव्ह मी, आजोबा. ते म्हणतात, स्वतःच्या घरात असं कसं माहीत नाही? असं कोणाच्या घरात असतं?"

"कोण ते?"

त्यानं फोन पुढे केला. काकांचा चष्मा नेहमीप्रमाणे हरवलेला, म्हणून मी वाचलं. पुष्कळ मेसेज होते, पण सगळ्यांचा अर्थ एकच. तू आण, नाहीतर आम्ही येऊन घेतो. शेवटी एक फोटो होता. काकांच्या घराचं पुढचं दार. माझ्या बाजूच्या फुटपाथवरून काढलेला.

काका उठले आणि आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत जिन्याखालच्या मीटरच्या खोक्यामागे हात घालून त्यांनी किल्ली काढली. स्वयंपाकघरातून काकू बघत होत्या. "इथं?" एवढंच म्हणाल्या. बंदूक आहे ना, कुणी कपाटाला हात लावलेला नाही ना, एवढं बघून काकांनी कुलूप पुन्हा लावलं आणि पोलिसांना फोन केला.

पोलीस तासाभरात आले. एक बाई आणि एक तरुण मुलगा, दोघंही बोलायला चांगले. बंदूक, काडतुसं, परवाना, सगळं काकांच्या संमतीनं घेऊन गेले. जाताना त्या बाईंनी विचारलं, आजपर्यंत किल्ली कुणाकुणाला ठाऊक होती? काका म्हणाले, फक्त मला. "गुड," बाई म्हणाल्या आणि लिहून घेतलं.

ते 'गुड' काकांना फार लागलं. आठवडाभर तेच. "पोरगं आतल्या आत संपत चाललं होतं, लेका. खरं बोलत होतं आणि कुणी विश्वास ठेवत नव्हतं. कारण मी. आणि ती म्हणते गुड."

तुम्हाला वाटेल, बंदूक गेली, प्रश्न मिटला. मलाही वाटलं होतं. नीलनं त्या पोरांना कळवलं की पोलिसांनी नेली. उत्तरादाखल हसणारे चेहरे आले, आणि पुन्हा तोच दाराचा फोटो, या वेळी दिवसाच्या वेगळ्या वेळचा. बंदूक घरात होती तेव्हा निदान ती दाखवता तरी येत होती. नसलेली बंदूक दाखवायची कशी?

पोलिसांनी नावं मागितली. नील सांगेना. शेवटी एकच नाव काकूंनी त्याच्याकडून काढलं. प्राथमिक शाळेत त्याच्या बाकावर बसणारा मुलगा, जेडन. काकूंनी पदर तोंडाला लावला. "तो? अरे, तो माझ्याकडं शंकरपाळे खाऊन गेलाय. डबा भरून नेलाय त्यानं!" टोळीतली मोठी पोरं जेडनलाच पुढे करत होती. त्याला घर माहीत होतं, जिना माहीत होता. त्याचं नाव पोलिसांना दिलं तर ती पोरं त्याचं काय करतील, हे नीलला ठाऊक होतं. म्हणून तो गप्प.

मग त्या घराचे पडदे बंद झाले. नीलची शाळा बंद. काकूंची कोथिंबीर मी आणून द्यायला लागलो, आणि प्रत्येक वेळी तशीच दिसणारी पार्सली आणून बोलणी खायला लागलो. दारावर टकटक केली की आतून आधी काकांचा आवाज यायचा, "कोण?" आणि मी, इतक्या वर्षांचा शेजारी, रस्त्यात उभा राहून माझं पूर्ण नाव सांगायचो. काका खुर्ची दाराजवळ घेऊन बसलेले असायचे. पूजेच्या दिवशी बसायचे तसेच ताठ, पण शेजारी पाट नाही, काही नाही.

एका सकाळी त्यांचा फोन आला. "पाठ बरी आहे का तुझी? ये जरा."

जिन्याखालचे बोल्ट त्यांनी आधीच काढून ठेवले होते. ते कपाट आम्ही दोघांनी दारातून बाहेर काढलं. म्हणजे काकांनी काढलं. मी मागून धरलं होतं आणि मध्येच माझी पाठ बरी नव्हती हे मला कळलं. पुढच्या चिमुकल्या बागेत, रस्त्याकडे तोंड करून त्यांनी ते उभं केलं आणि दार सताड उघडलं. आत काही नाही. राखाडी लोखंड आणि कापसासारखा थोडा धूळगोळा. शेजारी खुर्ची टाकून काका बसले, मफलर गुंडाळून, थर्मास मांडीवर.

"काका, थंडी किती आहे! पोस्टमन काय म्हणेल?"

"पोस्टमनला दाखवलं मघाशी. बघ म्हटलं, रिकामं आहे."

दिवसच्या दिवस बसले. कुत्री फिरवणाऱ्या बायकांना दाखवलं, कचऱ्याच्या गाडीवाल्यांना दाखवलं. काही लोक समोरचा फुटपाथ धरायला लागले. एक भला माणूस विचारून गेला, विकायचंय का? काकू आतून पडद्याच्या फटीतून बघत रडायच्या आणि दर थोड्या वेळानं मला फोन करायच्या, "त्यांना आत घेऊन या हो." मी जायचो, आणि शेजारच्या कठड्यावर टेकून त्यांच्या थर्मासमधला चहा पिऊन परत यायचो.

असाच टेकलेलो असताना तो मुलगा आला. हूड डोक्यावर, हात खिशात. रस्त्यापलीकडे थांबला. मी ओळखला नाही. काकांनी ओळखला.

"जेडन," काका इंग्रजीत म्हणाले, "ये बाळा. लांबून काय बघतोस? हात घालून बघ."

त्यानं दोन्ही बाजूंना बघितलं. मग रस्ता ओलांडून आला आणि खरोखरच त्यानं कपाटात हात घातला. वरची फळी चाचपली. मागचा पत्रा वाजवला. त्याची बोटं थंडीनं लाल झाली होती, नखं खाल्लेली. काकांनी थर्मासचं टोपण भरून चहा पुढे केला. त्यानं तो घेतला नाही. तसाच निघून गेला.

नाताळाच्या आधी काकांच्या मुलीला उत्तरेकडच्या एका हॉस्पिटलात नोकरी मिळाली आणि सगळं घर तिकडे गेलं. काकांना जायचं नव्हतं. रविवारचं शेत, ते दोस्त, गराज, सगळं इथं. पण नील एकटा दाराबाहेर पाऊल टाकत नव्हता, आणि नव्या गावात शाळेपर्यंत बरोबर चालायला कुणीतरी हवं होतं. फोनवर काका नव्या गावाचं कौतुक सांगायचे. इथल्या बसचं इंजिन किती वाईट आवाज करतं, ड्रायव्हरला कसं दोन शब्द सुनावले, वगैरे. नील आता कोपऱ्यापर्यंतच सोडू देतो, त्यापुढे नको म्हणतो, हे त्यांनी इतक्या आनंदानं सांगितलं की मला वाटलं पोराचा पहिला नंबर आला.

मागच्या आठवड्यात मी ट्रामच्या स्टॉपवर उभा होतो. "एक्सक्यूज मी," कुणीतरी म्हटलं. जेडन होता. उजव्या हाताला प्लास्टर, कोपरापर्यंत.

"नील बरा आहे का?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, मला माहीत नाही. दुसरं काय म्हणणार होतो? कुठलाही पत्ता कुणालाही द्यायचा नाही असं ठरलं होतं.

त्यानं मान हलवली. माझ्यावर विश्वास ठेवल्यासारखी. "मी त्यांना सांगितलं," तो म्हणाला. "मी स्वतः बघितलं म्हणून सांगितलं. रिकामं आहे म्हटलं."

"मग?"

त्यानं प्लास्टरकडे बघितलं नाही. ट्राम कुठे दिसते का ते बघत राहिला.

संध्याकाळी मी काकांना फोन केला. सगळं सांगितलं. काकांच्या मागे नीलचा आवाज येत होता, आईशी कशावरून तरी वाद घालत होता, मोठ्यानं, मोकळा.

"जेवला होता का तो?" काकांनी विचारलं.

"विचारलं नाही मी."

"घरी कोण आहे त्याच्या?"

"काका, मला काय ठाऊक?"

"आणि तू त्याला तिथंच सोडून आलास?"

"ट्राम आली होती, काका," मी म्हटलं.