चिमणी नावाचं वादळ

हवामान कचेरीतल्या थोरल्या निरीक्षकाला सगळे ढगोबा म्हणायचे. गडी बोलताना नजर आभाळाकडं ठेवायचा, त्यामुळं समोरच्याला आपण खड्ड्यात उभे आहोत असं वाटायचं. बायकोला मात्र तसं कधी वाटलं नाही.

वादळांना नावं देण्याची रीत तशी साधी. एका समुद्राकाठचे देश एकत्र बसतात, प्रत्येक जण आपली नावं देतो आणि वादळं येतील तशी ती ओळीनं वापरतात. नाव तोंडात बसणारं हवं, कुणाच्या देवाला किंवा पुढाऱ्याला झोंबणारं नको. एखादं वादळ फारच माणसं मारून गेलं, तर ते नाव कायमचं बाद. पूर्वी काही समुद्रांवर नुसती बायकांचीच नावं चालत. बायकांनी जाब विचारला, तेव्हा कुठं पुरुषांच्याही अंगात वारं शिरतं हे शहाण्यांना पटलं.

तर कचेरीत नावं मागवली तेव्हा ढगोबानं ‘चिमणी’ सुचवलं. लग्न नवं असताना तो बायकोला तसं म्हणायचा. नाव पास झालं. फुगून घरी आला, तर बायको म्हणाली, “पंखा दुरुस्त करायला सांगितला तर वेळ नाही, आणि माझं वादळ करून ठेवलंत होय?”

चिमणीच्या आधी दुसऱ्या देशांची नावं होती. लोकांच्या पोरी उजवल्या जातायत आणि आपली तशीच राहिलीय, अशा तोंडानं ढगोबा वर्षानुवर्षं प्रत्येक वादळाची नोंद करत राहिला. निवृत्तीला महिना उरला तेव्हा कुठं चिमणीची पाळी आली. समुद्रात कमी दाबही तयार झाला. पण नाव द्यायचं तर ठरावीक वेगाचा वारा सलग वाहावा लागतो. तो काही भरेना.

हाताखालची निरीक्षक म्हणाली, “सर, आधी जन्मू तर द्या, मग बारसं करू.”

“त्या जहाजानं कळवलेला आकडा बघ की.”

“तो एका झोताचा आहे. सलग वाऱ्याचा नाही.”

“आता तू शिकव मला,” ढगोबा म्हणाला, आणि त्या एका झोतावर चिमणीचं नाव जगाला कळवून मोकळा झाला.

किनाऱ्यावर एकच धांदल उडाली. बंदर बंद, शाळा बंद, वस्ती रिकामी. ढगोबाचा मेहुणा खाडीच्या तोंडाशी राहायचा. त्यानं होडी ओढून वर घेतली, छपराचे पत्रे उतरवले, बायकापोरांना शाळेच्या हॉलमध्ये नेलं. चिमणी आली, चार थेंब शिंपडून गेली. मेहुण्याचा फोन आला, “भावोजी, तुमच्या चिमणीनं दोरीवरची चड्डीसुद्धा हलली नाही!”

ढगोबाला त्याचं काय? त्यानं पेपरातलं कात्रण चौकटीत बसवून घेतलं.

पंधरवडा गेला नाही तोच दुसरं वादळ उठलं. नाव परक्या देशाचं, वारा खराखुरा. इशारा गेला, पण वस्ती जागची हलेना. ढगोबानं मेहुण्याला फोन लावला. “हे खरं आहे रे. आवर, निघ लवकर.”

“मग मागचं खोटं होतं?” मेहुणा हसला.

ढगोबा खिडकीतून आभाळाकडं बघू लागला. बायकोनं फोन हातातून काढून घेतला आणि ती नवऱ्याकडं वळली. “मागच्या वेळी वारा भरला होता?”

“जवळजवळ.”

“हो की नाही?”

“नाही.”

“ऐकलंस?” ती भावाला म्हणाली. “मागच्या वेळी तुझ्या भावोजींनी थाप मारली, म्हणून यावेळी जायचं. ऊठ, नाहीतर तिथं येऊन कान पिळीन.”

मेहुणा बायकापोरांना घेऊन निघाला. शेजाऱ्यांना त्यानं हाका मारल्या. “तुझ्या भावोजींची दुसरी बायको येतेय वाटतं!” म्हणून ते हसले आणि दारं लावून बसले. पाणी चढलं ते दारं घेऊनच गेलं. त्यांतली काही माणसं परत दिसली नाहीत.

महिनाअखेरीला कचेरीत निरोपाचा कार्यक्रम झाला. “यांनी वादळाला नाव दिलं,” असं साहेब कौतुकानं म्हणाले. टाळ्या पडल्या. ढगोबाची नजर पहिल्यांदाच जमिनीवर होती. शेजारची खुर्ची रिकामी होती. बायको खाडीवर भावासोबत चिखल उपसत, शेजाऱ्यांची भांडी वेचत होती.